पाच हातांचा कोबाल्ट

सरांना साल विचारलं की ते धातू सांगत. लग्न कधी झालं, तर निकेल चालू होतं तेव्हा. थोरला मुलगा तांब्यातला, धाकटी मुलगी जस्तातली. बबिन्याची छावणी सोडून झाशीत घर केलं ते मँगनीजच्या पहिल्या उन्हाळ्यात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, हे सगळं मनातल्या मनात खऱ्या सालांत बदलून पाहुण्यांना सांगत. एकदा शाळेचा दाखला भरताना सरांनी मुलीच्या जन्मतारखेपुढे बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग काकूंना हाक मारून विचारलं, "जस्त कोणत्या साली संपलं गं?"

मी झाशीच्या त्या कॉलेजात आधी त्यांची विद्यार्थिनी होते, मग त्यांच्या हाताखाली संशोधन केलं आणि शेवटी त्याच रसायनशास्त्र विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. आमचं घर बड्या बाजारामागच्या गल्लीत कितीतरी पिढ्यांपासूनचं. कुठल्याशा पूर्वजाला पूजाअर्चेसाठी दक्षिणेतून इथे आणवलं होतं म्हणे. सर मात्र फौजी घरातले. वडील साताऱ्याकडून बबिन्याला बदलून आले आणि निवृत्तीनंतर परत गेलेच नाहीत. त्यामुळे आमच्या घरी बोलण्यात अजून फडताळ, तस्त असे जुने शब्द होते, आणि सरांचं मराठी "बेटा, ती बोतल जरा इकडे सरकव, ढक्कन नीट लाव" अशा वळणाचं होतं. मुलगा असो, मुलगी असो, नवा लेक्चरर असो, सगळे त्यांचे बेटा.

शहरात त्यांना डॉक्टरसाहब म्हणत. भाजी घेताना कोणी ना कोणी जीभ बाहेर काढून दाखवी. सुरुवातीला ते समजावून सांगत की आपण त्यातले डॉक्टर नव्हे. पुढे त्यांनी नाद सोडला. "पाणी जादा पियो, तला हुआ मत खाओ," एवढं सांगून ते पुढे निघत, आणि त्याने पुष्कळांना गुण येई.

आता त्यांच्या संशोधनाबद्दल. पीएचडीच्या काळात सरांनी एक पिवळा सेंद्रिय पदार्थ बनवला होता. हा पदार्थ धातूच्या अणूला चार बाजूंनी धरतो. तांब्याला धरलं की हिरवं संयुग मिळतं, निकेलला धरलं की केशरी. प्रत्येक धातूचं एक नवीन संयुग, प्रत्येक संयुगाचा एक शोधनिबंध. धातू संपत आले की पिवळ्या पदार्थाच्या शेपटाला एक क्लोरीन लावायचा आणि पुन्हा तांब्यापासून सुरुवात करायची. क्लोरीन झाला की ब्रोमीन. सर याला "प्रोग्रॅम" म्हणत. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ते एका ओळीत सगळं शास्त्र देत: "धातू बदला, निबंध बदलतो." त्यांच्या निबंधांची प्रस्तावना सगळ्यांत एकच असे. मी संशोधनाला लागले तेव्हा त्यांनी मला ती टाइप केलेली प्रस्तावना दिली. त्यात धातूच्या नावाच्या जागी टिंबं होती.

हे वाचून कोणाला वाटेल की माणूस लबाड होता. तसं अजिबात नव्हतं. एका बाबतीत सर इतके कर्मठ होते की घरचे लोक जेरीला येत. ती बाब म्हणजे मेल्टिंग पॉइंट. शुद्ध पदार्थ ठरल्या ठिकाणी एकदम वितळतो, भेसळीचा पदार्थ रेंगाळत रेंगाळत वितळतो, यावर त्यांची श्रद्धा होती. घरात आलेली कुठलीही पांढरी वस्तू आधी विभागात जाऊन वितळून येई. काकूंनी आरतीसाठी कापूर मागवला की गणपती ताटकळत बसे, कारण कापराची वडी कॉलेजात गेलेली असे. एकदा तो कापूर फारच रेंगाळला. सर तडक बड्या बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानात गेले. मी सोबत होते.

"इसमें मोम मिला है," सर म्हणाले.

दुकानदाराने वडी उलटसुलट केली. "डाक्साब, आप कौन से मंदिर में चढ़ाउत हो?"

"घर में। पर इसका मेल्टिंग पॉइंट गलत है।"

"भगवान ने तौ कभऊँ सिकायत नईं करी," दुकानदार शांतपणे म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सर परत येताना मला म्हणाले, "बघ बेटा, याच्याकडे थर्मामीटर नाही म्हणून किती सुखात आहे."

पण सरांचं नाव झालं ते कोबाल्टमुळे. कोबाल्ट साधारणपणे चार किंवा सहा बाजूंनी बांधला जातो. समजावून सांगताना सर त्यांना हात म्हणत. सरांच्या जांभळ्या संयुगात कोबाल्टचे पाच हात निघाले: चार पिवळ्या पदार्थाला धरलेले आणि पाचव्यात पाण्याचा एक रेणू. ही विशेष गोष्ट होती. निबंध बाहेरच्या चांगल्या नियतकालिकात आला. परदेशांतून प्रत मागणारी छापील कार्डं येऊ लागली. ती सरांनी टेबलाच्या काचेखाली लावली. प्राग, क्राकोव, बुडापेस्ट. पुढे एका जाडजूड विलायती पाठ्यपुस्तकात तळटीप म्हणून सरांचं नाव आलं, अर्ध्या ओळीत. ते पुस्तक विभागात नेमकं त्याच पानावर उघडायचं, कारण पाठीचा सांधा तिथे मोडला होता.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाने सरांचा सत्कार केला. अध्यक्ष होते फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. भारदस्त आवाजात ते म्हणाले, "आपल्या सरांनी झाशीत राहून कोबाल्ट नावाच्या धातूचा शोध लावला. मराठी माणूस कुठेही गेला तरी शोध लावल्याशिवाय राहत नाही." सर दुरुस्ती करायला उभे राहिले, "मी धातू नाही शोधला, त्याचा फक्त पाचवा..." एवढ्यात झांजा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी हिंदी वर्तमानपत्रात मथळा होता: झाँसी के वैज्ञानिक ने बनाया पाँच हाथों वाला धातु.

त्या बातमीने मऊरानीपुरहून एक धान्याचे व्यापारी बस पकडून आले. सरांनी त्यांना बाटली दाखवली. ते बराच वेळ जांभळ्या भुकटीकडे पाहत राहिले.

"गेहूँ में डारें तौ घुन नईं लगहै?"

"नहीं," सर म्हणाले. "ये कीड़े मारने के काम का नहीं है।"

"तौ फिर जे पाँच हाथ काए खों हैं?"

सरांनी त्यांना चहा पाजला, पाठ्यपुस्तकातली अर्धी ओळ दाखवली आणि बसपर्यंत सोडून आले. पण मला वाटतं तो प्रश्न त्यांना लागला, कारण पुढचे काही दिवस ते वर्गात मध्येच थांबून "उपयोग" या विषयावर बोलू लागले.

मी संशोधनाला आले तेव्हा माझ्या वाट्याला हाच कोबाल्ट आला. पाच हातांच्या संयुगाची भावंडं बनवायची, म्हणजे शेपटाला क्लोरीन, मग ब्रोमीन. आधी मूळ संयुग नव्याने बनवून घ्यायचं होतं. बनवलं. जांभळे स्फटिक सुरेख पडले. पण पृथक्करणाचे आकडे पाच हातांशी जुळेनात. पाणी जास्त निघत होतं. एक नव्हे, दोन रेणू. म्हणजे हात सहा, अगदी नेहमीचे.

"भांडं ओलं होतं तुझं," सर म्हणाले.

मी भांडी बदलली, रसायनं बदलली, हिवाळ्यात केलं, पावसाळ्यात केलं. सहाच. प्रत्येक वेळी सरांनी कारण शोधून दिलं आणि प्रत्येक वेळी ते कारण मी दूर करून परत आले. घरी आई विचारायची, "तुझा तो हात मिळाला का?" तिला वाटायचं काही यंत्राचा सुटा भाग हरवलाय. माझ्या बरोबरीच्या मुली, ज्यांना निकेल आणि तांबं मिळालं होतं, त्यांचे प्रबंध टंकायला गेले होते. माझ्या प्रबंधाचं शीर्षक विद्यापीठात मंजूर झालेलं होतं आणि त्यात पाच हात ठळकपणे लिहिलेले होते.

मग मे महिना आला. झाशीचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. वीज गेली होती, पंखे बंद, आणि प्रयोगशाळेतली पश्चिमेची खिडकी तव्यासारखी तापलेली. खिडकीच्या कट्ट्यावर माझी बशी राहिली होती. तिसऱ्या प्रहरी पाहिलं तर जांभळ्या स्फटिकांचा वरचा थर विटकरी झालेला. खाली जांभळाच. मी ती बशी तशीच सरांपुढे नेली.

"सर, वरच्या थरातलं पाणी उडालंय. दोन्ही रेणू. हे वर चार हात, खाली सहा. दोन्ही सारखे मिसळून पृथक्करणाला पाठवले तर काय येईल?"

सर बशीकडे बघत राहिले. "सरासरी," ते म्हणाले.

"पाच."

"पाच," सर म्हणाले.

"तुमचा नमुना कोणत्या महिन्यात पाठवला होता, सर?"

त्यांनी उठून कपाटातून जुनी बाटली काढली. मूळ नमुन्याची बाटली, जी व्यापाऱ्याला दाखवली होती, सुभेदारांना दाखवली होती, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवली जाई. त्यांनी चिमूटभर भुकटी काचेच्या बारीक नळीत भरली आणि वीज येताच मेल्टिंग पॉइंटच्या उपकरणात लावली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सरांच्या सगळ्या निबंधांत मेल्टिंग पॉइंट असतो, फक्त त्या एका निबंधात नाही. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. त्या उन्हाळ्यात उपकरण बिघडलं होतं. रीडरच्या, म्हणजे बढतीच्या जागेची मुलाखत तोंडावर होती. उपकरण दुरुस्त होईपर्यंत थांबलो असतो तर जागा गेली असती.

भुकटी वितळायला लागली. आणि रेंगाळली. इतकी रेंगाळली की बड्या बाजारातला कापूर तिच्यापुढे शुद्ध म्हणावा लागला असता. सर भिंगातून डोळा न काढता उभे होते. घाम त्यांच्या कानामागून सदऱ्यात उतरत होता.

"मोम मिला है," ते म्हणाले. हसले नाहीत.

दोन-तीन दिवस ते कॉलेजात आले नाहीत. मी घरी गेले तर काकूंनी दार उघडलं. "जेवतात, झोपतात, पण काल मला विचारलं, आपलं लग्न खरंच निकेलमध्ये झालं ना," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तारीख माझ्याकडे आहे, काळजी करू नका." आत सर कोऱ्या कागदासमोर बसले होते. ते मला म्हणाले, "बेटा, निबंध मागे घ्यावा लागेल."

मला वाटलं होतं की ही गोष्ट सोपी आहे. चूक झाली, कळली, कळवायची. पण आम्ही दोघं सांगायला गेलो तेव्हा प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि सरांना खुर्ची दिली. यावरूनच कळलं की सोपी नाही.

कॉलेजाच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती यायची होती. तिच्यासाठी प्राचार्यांनी रंगीत पुस्तिका छापून घेतली होती आणि मुखपृष्ठावर जांभळा कोबाल्ट होता. शिवाय विभागासमोरच्या हिरवळीवर पाच हातांचं लोखंडी शिल्प उभं राहिलं होतं, माणसापेक्षा उंच, जांभळ्या तैलरंगाचं. मुलं त्याच्या खालच्या हाताला सायकली टेकवत.

"डॉक्टर साहब," प्राचार्य म्हणाले, "आप झूठ बोलिए, ये मैं नहीं कह रहा। मैं कह रहा हूँ, छठा हाथ अगले साल निकाल लीजिए।"

"निकल चुका है, साहब।"

"कमेटी को कैसे पता चलेगा?"

"मैं बताऊँगा।"

प्राचार्यांनी पुस्तिका टेबलावर पालथी घातली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार मायेने. "और इस बच्ची की थीसिस? इसका तो टाइटल ही पाँच है। इसके घरवालों से बात की आपने?"

हे बरोबर लागलं. सर तडक बाहेर आले. सायकलींच्या स्टँडपाशी थांबून म्हणाले, "तू सांग. तू म्हणालीस तर तुझी पदवी होईपर्यंत थांबतो."

मी म्हटलं, "सर, मग मी तोंडी परीक्षेत काय सांगू? पाच की सहा?"

"तेच मी पण स्वतःला विचारत होतो," ते म्हणाले.

समिती आली. तिघे जण होते. अध्यक्ष वाणिज्यशाखेचे, दुसरे भूगोलाचे, तिसऱ्यांचा विषय कोणालाच नीट कळला नाही. प्राचार्यांनी सरांच्या आधी स्वागतगीत, नाश्ता आणि ग्रंथालयदर्शन ठेवलं होतं, म्हणजे सरांच्या वाट्याला कमीत कमी वेळ उरावा. तरी उरला. सर फळ्यापाशी उभे राहिले. त्यांनी पाच हात काढले, मग सहावा काढला, आणि हिंदीत सगळं सांगितलं: मे महिना, बशी, सरासरी, बंद पडलेलं उपकरण. मुलाखतीचंसुद्धा सांगितलं. प्राचार्य खिडकीतून शिल्पाकडे बघत होते.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "यानी पहले पाँच थे?"

"जी। मतलब, मैंने पाँच समझे थे।"

"और अब छह हैं?"

"जी।"

अध्यक्षांनी बाकीच्या दोघांकडे पाहिलं. भूगोलाचे सदस्य मान हलवत होते. "तो ये तो बढ़ोतरी हुई," अध्यक्ष म्हणाले. "इतने कम साधनों में। बहुत अच्छा।"

सर आणखी समजावू लागले, पण जेवणाची वेळ झाली होती. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. अहवालात रसायनशास्त्र विभागाच्या निरंतर प्रगतीचा खास उल्लेख होता. त्याच महिन्यात वेल्डर येऊन शिल्पाला सहावा हात जोडून गेला. जागा उरली नव्हती म्हणून तो जरा मागच्या बाजूला वाकडा लागला. सर त्याकडे कधी बघत नसत.

माझ्या प्रबंधाचं शीर्षक बदलायला विद्यापीठात खेटे घातले. पुष्कळ काळ त्यात गेला आणि आईने माझ्या लग्नाचा विषय आधी दोनदा काढला, मग काढायचा सोडला. पण त्याआधी एक प्रसंग घडला, आणि सरांची आठवण काढताना मला आधी तोच आठवतो.

एके दुपारी सर विभागात दुरुस्तीचं टिपण टाइप करत होते, निबंध मागे घेत असल्याचं. कागद निघाल्यावर मी वाचला. शीर्षकाखाली एकच नाव होतं. त्यांचं.

"सर, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलं नाही."

मला राग आला. "सापडलं मला."

"सापडलं तुला, चुकलं मला. हा कागद चुकण्याचा आहे." त्यांनी कार्बनपेपर काढून कागद सारखे केले. "आणि ऐक बेटा. उद्या तू मुलाखतीला जाशील. तिथे आतलं कोणी वाचत नाही. नाव वाचतात आणि शीर्षक वाचतात. तुझ्या नावावरचं पहिलंच प्रकाशन 'मागे घेत आहोत' असं दिसलं तर संपलं. सापडलं त्याचा वेगळा निबंध लिही."

मी लिहिला. बशी, दोन थर, दोन रेणू. रीतीप्रमाणे आधी सरांचं नाव घातलं, मग माझं. विभागात तसंच चाले. विद्यार्थ्याने घाम गाळायचा आणि मार्गदर्शकाने यादीत एक आकडा वाढवायचा, यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

सरांनी तो सगळा वाचला. एक स्वल्पविराम बदलला. मग पहिल्या पानावर आले आणि स्वतःच्या नावावर पेन टेकवून बसले. बाहेर कोणीतरी शिल्पाला सायकल धडकवली, आवाज झाला, तरी त्यांनी वर पाहिलं नाही. ज्या माणसाने शेपटाचा क्लोरीन बदलून निबंध काढले, त्याला आयता आलेला निबंध सोडायला किती जड जात असेल हे त्यांच्या चेहऱ्यावर अगदी उघड दिसत होतं. अखेर त्यांनी नावावर रेघ ओढली. सरळ, पट्टी लावून.

"आभारात घाल," ते म्हणाले. दाराशी गेल्यावर मागे वळून त्यांनी विचारलं, "आभार ठळक अक्षरात छापतात का गं कुठे?"

"नाही, सर. बारीक छापतात."

"विचारून बघ."

मी विचारलं नाही. अंक आला तेव्हा आभार सगळ्यात बारीक टायपात, संदर्भांच्या वर, दोन ओळींत होते. सरांनी अंक माझ्या हातातून घेतला. माझं नाव छापलेलं पहिलं पान, आकृत्या, तक्ते, सगळं उलटून ते थेट शेवटावर गेले. भिंग आणलं. दोन्ही ओळी सावकाश वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि अंक मला परत देत म्हणाले, "नाव बरोबर छापलंय."